प्रवाळाला पुरेसा उजेड म्हणजे किती?

घरात समुद्राच्या पाण्याची टाकी ठेवून त्यात प्रवाळ वाढवायचं ज्याच्या डोक्यात येतं, त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "किती वॅटचा दिवा घेऊ?" प्रश्न अगदी साधा वाटतो. पण त्याचं धड उत्तर मिळायला माणसाला शंभराहून जास्त वर्षं लागली, आणि उत्तर हाती आलं तेव्हा कळलं की प्रश्नातला 'वॅट' हा शब्दच चुकीचा आहे. आमच्या धंद्यात असल्या गोष्टीला चुकीचं मेट्रिक म्हणतात. कोडच्या ओळी मोजून प्रोग्रामर किती काम करतो ते ठरवायचं, तसलाच प्रकार. फरक इतकाच की तिथे फार तर अप्रेझल बिघडतं, इथे जिवंत प्राणी मरतात.

तर सुरुवात लंडनपासून. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 'फिश हाउस' उघडलं आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकाचं 'द अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक आलं. त्या पुस्तकाने इंग्लंडात अक्षरशः साथ पसरवली. मध्यमवर्गीय घरांच्या दिवाणखान्यात काचेच्या पेट्या दिसायला लागल्या, सुट्टीत लोक किनाऱ्यावरचे दगड उलटेपालटे करू लागले. गॉसने समुद्रफुलांबरोबर प्रवाळही पाळले होते. पण ते इंग्लंडच्या थंड पाण्यातले, एकेकटे वाढणारे पेल्याच्या आकाराचे प्रवाळ. त्यांना उजेड असला काय नि नसला काय, काही फरक पडत नाही. तोंडाशी अन्न आलं की झालं. उष्ण कटिबंधातले, डोंगरच्या डोंगर रचणारे प्रवाळ मात्र काचेच्या पेटीत आणले की काही दिवसांत पांढरेफटक पडून मरायचे. आणि बरीच वर्षं लोक समजत होते की दोष पाण्यात आहे.

दोष उजेडात होता. उष्ण समुद्रातल्या प्रवाळाच्या पेशींमध्ये सूक्ष्म, तपकिरी-सोनेरी एकपेशीय शैवालं राहतात. कार्ल ब्रांट या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने १८८१ साली त्यांना 'झूझँथेला' असं नाव दिलं. (नावाचा अर्थ साधारण 'प्राण्यातले पिवळे' असा. शास्त्रज्ञांची कल्पनाशक्ती कधी कधी आपल्या व्हेरिएबलच्या नावांइतकीच असते.) म्हणजे प्रवाळ दिसायला झाडासारखा, वर्गीकरणात प्राणी, राहायला दगडाच्या घरात, आणि पोटात शेती! आता पोटात शेती आहे म्हटल्यावर शेतकरी त्यातलं धान्य खात असणार, असं तुम्हा-आम्हाला लगेच वाटेल. पण इथेच गाडी अडली.

१९२८-२९ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांची एक मोठी मोहीम ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर गेली. प्रमुख होता मॉरिस यंग. लो आइल्स नावाच्या चिमुकल्या बेटांवर या मंडळींनी वर्षभर मुक्काम ठोकला. यंगने प्रवाळ कित्येक महिने अंधाऱ्या पेटीत ठेवून पाहिले. शैवालं निघून गेली, पण खाऊपिऊ घातलेले प्रवाळ जगले. यावरून त्याने निष्कर्ष काढला की प्रवाळ हा पक्का मांसाहारी आहे. शैवालं त्याच्या शरीरातली घाण निस्तरतात, त्याला जेवू घालत नाहीत. प्रयोग प्रामाणिक होता, निष्कर्ष मात्र प्रयोगापेक्षा लांब उडी मारणारा. उपास टळला की प्रवाळ अंधारात तग धरतो, एवढंच त्यातून सिद्ध होत होतं. तग धरणं आणि वाढणं यात फरक आहे. पण यंगचं नाव मोठं, त्यामुळे हे मत दोन-तीन दशकं टिकलं.

त्याच काळात प्रशांत महासागरातल्या पलाऊ बेटांवर जपान्यांचं एक छोटं संशोधन केंद्र होतं. ते १९३४ साली सुरू झालं आणि युद्धात १९४३ साली बंद पडलं. तिथे सिरो कावागुती हा तरुण शास्त्रज्ञ उजेडात आणि अंधारात प्रवाळ किती ऑक्सिजन सोडतो नि घेतो, ते मोजत बसला होता. उजेडात प्रवाळ ऑक्सिजन *सोडत* होता. पुढे थॉमस गोरो याने जमैकात किरणोत्सारी कॅल्शियम वापरून १९५९ साली दाखवलं की उजेडात प्रवाळाचा सांगाडा अंधारापेक्षा कितीतरी वेगाने बनतो. त्याच्या आदल्या वर्षी, १९५८ मध्ये, लेनर्ड मस्कटीन आणि कॅडेट हँड यांनी किरणोत्सारी कार्बनचा माग काढून सिद्ध केलं की समुद्रफुलातल्या शैवालाने बनवलेलं अन्न यजमानाच्या अंगात जातं. मग मोजमापं अधिक नेमकी होत गेली. १९८०च्या दशकात आकडा आला तो थक्क करणारा होता: भरपूर उजेडात वाढणाऱ्या काही प्रवाळांत शैवालाने बांधलेल्या कार्बनपैकी ९० टक्क्यांहून जास्त भाग यजमानाकडे जातो. एवढा भाडेकरू कुणाला मिळाला तर घर विकून टाकणारे लोक पण विचार बदलतील.

म्हणजे प्रवाळाच्या टाकीवरचा दिवा हा शोभेचा नसतो. तो स्वयंपाकघर असतो. दिवा कमी पडला की प्रवाळ उपाशी मरतो, तेही एकदम नाही, महिनोन्‌महिने हळूहळू खंगत. हे ज्याला कळलं नाही तो पाणी बदलत राहतो.

प्रयोगशाळेतलं हे ज्ञान हौशी लोकांपर्यंत पोचायच्या आधीच एका माणसाने व्यवहारात उत्तर शोधलं होतं. जकार्तातल्या ली चिन एंग याने १९६१ साली एका अमेरिकन मत्स्यमासिकात लेख लिहिला: समुद्रातले जिवंत दगड आणा, समुद्राचंच पाणी घ्या, हवेचे बुडबुडे सोडा आणि टाकी उन्हात ठेवा. बस्स. फिल्टर नाही, औषधं नाहीत. त्याच्या टाक्यांत प्रवाळ जगत होते, वाढत होते. न्यू कॅलेडोनियात नुमेआ इथे रेने कातालाने १९५६ साली उघडलेल्या मत्स्यालयातही तेच: ताजं समुद्राचं पाणी आणि आकाशातून येणारा उजेड. (याच कातालाने खोल पाण्यातले प्रवाळ अतिनील दिव्याखाली धरले आणि ते हिरवे-नारिंगी चमकताना पाहिले. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे त्याचा धंदा होणार आहे.)

जकार्ता विषुववृत्ताच्या सहा अंश दक्षिणेला आहे. हीच पाककृती जर्मनीत किंवा न्यूयॉर्कमध्ये करून पाहणाऱ्यांची पंचाईत झाली. डिसेंबरातल्या बर्लिनच्या खिडकीत येतो तो उजेड पुरवून पुरवून किती पुरवणार? साध्या ट्यूबलाइट एकाला एक लावल्या तरी मऊ प्रवाळ कसेबसे जगत, दगडी प्रवाळ नाही.

सुटका झाली ती भलत्याच धंद्यातून आलेल्या दिव्याने. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जनरल इलेक्ट्रिकच्या गिल्बर्ट रायलिंगने मेटल हॅलाइड दिवा व्यवहारात उतरवला. हा दिवा स्टेडियमसाठी, कारखान्यांसाठी, रस्त्यांसाठी. पोस्टाच्या पाकिटाइतक्या जागेतून प्रचंड उजेड, आणि रंग बराचसा दिवसासारखा. पश्चिम बर्लिनमधल्या हौशी लोकांनी तो टाकीवर टांगला. डिट्रिच श्टुबर या बर्लिनकराच्या टाकीत १९८०च्या दशकात अ‍ॅक्रोपोरा जातीचा दगडी प्रवाळ नुसता जगला नाही, तर इतका वाढला की तो फांद्या तोडून मित्रांना वाटायला लागला. त्या फांद्यांच्या फांद्या युरोपभर गेल्या. जास्वंदीची काडी शेजारणीला द्यावी तसं! जिवंत दगड, पाण्यातला फेस काढणारं यंत्र आणि डोळे दिपवणारे दिवे, या तीन गोष्टींना पुढे 'बर्लिन पद्धत' असंच नाव पडलं. अमेरिकेत १९८६ साली जॉर्ज स्मिटच्या लेखमालेने 'मिनी-रीफ'चं वेड पसरलं, आणि १९९४ मध्ये डेलबीक आणि स्प्रंग यांचं 'द रीफ अ‍ॅक्वेरियम' आलं, ते कित्येक वर्षं या छंदाचं पाठ्यपुस्तक होतं.

दुसरा उसना दिवा मला त्याहून मजेदार वाटतो. फिलिप्सची 'अ‍ॅक्टिनिक ०३' नावाची निळी-जांभळी ट्यूब. तिचा सगळा जोर ४२० नॅनोमीटरच्या आसपास. ही ट्यूब मुळात नकाशांच्या प्रती काढणाऱ्या डायझो यंत्रांसाठी होती. ज्यांच्या वडिलांनी वा काकांनी पीडब्ल्यूडीत किंवा एखाद्या ड्रॉइंग ऑफिसात नोकरी केली आहे त्यांना 'अमोनिया प्रिंट' आठवत असेल: तो उग्र वास, ती निळसर रेघांची गुंडाळी. तोच उजेड पुढे जगभरच्या दिवाणखान्यांत प्रवाळांवर पडला. कुणीही हा दिवा प्रवाळांसाठी बनवला नव्हता.

आता येतो तो खरा गोंधळ. दिवे मिळाले, पण मोजायचं कसं? सुरुवातीचा नियम होता 'एका गॅलनला तीन ते पाच वॅट'. हा नियम किती भंपक आहे ते पाहा. वॅट म्हणजे दिवा वीज किती *खातो* ते. उजेड किती देतो, कुठल्या रंगाचा देतो, तो पाण्यात पोचतो की छताला रंगवतो, यातलं काही वॅट सांगत नाही. उंच अरुंद टाकी आणि बुटकी पसरट टाकी, दोन्हींचे गॅलन सारखे, तळाशी पोचणारा उजेड मात्र सारखा नाही.

मग लोक लक्सकडे वळले. लक्समीटर स्वस्त, फोटोग्राफरकडे असायचाच. पण लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे. १९२४ साली आंतरराष्ट्रीय आयोगाने माणसाच्या डोळ्याला कुठला रंग किती उजळ दिसतो याचा एक वक्र ठरवला, आणि लक्स त्या वक्रावर उभं आहे. त्याचं शिखर ५५५ नॅनोमीटरला, म्हणजे पोपटी हिरव्यावर. तिथे गुण १००. ४५० नॅनोमीटरच्या निळ्याला गुण किती? सुमारे ४. आणि त्या डायझोवाल्या ४२०ला तर अर्ध्याच्याही आत! म्हणजे तेवढीच ऊर्जा निळ्यातून आली तर लक्समीटर म्हणतो "इथे अंधार आहे".

समुद्राचं गणित नेमकं उलटं. पाणी लाल रंग पहिल्या काही मीटरांतच गिळून टाकतं. स्वच्छ समुद्रात सगळ्यात खोल जातो तो निळा. लाखो वर्षं निळ्या उजेडात राहिलेल्या शैवालांनी आपली रंगद्रव्यं त्याच उजेडाला जुळवून घेतली: क्लोरोफिल अ, क्लोरोफिल क-२ आणि पेरिडिनिन. तिन्हींची भूक निळ्या ते निळसर हिरव्या पट्ट्यात. सारांश, ज्या रंगाला आपला डोळा जवळजवळ शून्य मार्क देतो, प्रवाळाचं जेवण त्याच रंगात आहे. डोळ्यावर भरवसा ठेवून दिवा निवडणं म्हणजे स्वतःला भूक नाही म्हणून बाळाला न जेवू घालणं.

यातून वाट काढली ती शेतकी संशोधनाने. प्रकाशसंश्लेषणाला उजेडाची ऊर्जा नाही, फोटॉनची *संख्या* महत्त्वाची. १९७२ साली टेक्सासमध्ये कीथ मॅक्री याने २२ जातींच्या पिकांवर मोजमापं करून ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले फोटॉन सरसकट मोजले तरी चालतं, हे पक्कं केलं. त्याला म्हणतात 'पार'. एकक: एका चौरस मीटरवर एका सेकंदाला किती मायक्रोमोल फोटॉन पडले. डोक्यावरचं कडक ऊन म्हणजे साधारण २०००. गहू-मक्यासाठी बनवलेलं माप प्रवाळाच्या टाकीत बुडवायला हौशी लोकांना आणखी वीसेक वर्षं लागली, कारण मीटर महाग होता.

ज्याने हे मोजमाप हौशी लोकांच्या डोक्यात पक्कं बसवलं त्याचं नाव संजय जोशी. (आडनाव वाचून मी साहजिकच दोन मिनिटं जास्त थांबलो :-) ) पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक, घरी प्रवाळांची टाकी. बाजारातले मेटल हॅलाइड दिवे एकेक करून, वेगवेगळ्या बॅलास्टवर लावून, स्पेक्ट्रोरेडिओमीटरने मोजायचे आणि आकडे छापायचे, हा उद्योग त्यांनी १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून वर्षानुवर्षं केला. त्यातून दुकानदारांना न आवडणाऱ्या गोष्टी बाहेर आल्या. खोक्यावर छापलेल्या केल्विनचा आणि प्रत्यक्ष रंगाचा संबंध सैल असतो. तोच दिवा दुसऱ्या बॅलास्टवर लावला की वेगळाच वागतो. आणि २०,००० केल्विनचे सुंदर निळे दिवे तेवढ्याच वॅटच्या ६५०० केल्विनवाल्यांपेक्षा साधारणपणे कमी फोटॉन देतात. माझ्या मते या सगळ्या इतिहासात सगळ्यात इंजिनिअरी काम हेच. नवा शोध नाही, पेटंट नाही, नुसती चिकाटी आणि उघडा विदा. त्याच सुमाराला हवाईत डेना रिडलने प्रवाळांचंच प्रकाशसंश्लेषण मोजून दाखवलं की कित्येक जातींचं पोट लोकांना वाटतं त्याच्या कितीतरी आधी भरतं.

तिकडे जपानात भलतंच काही चाललं होतं. लाल आणि हिरवे एलईडी १९६०-७०पासून होते, निळा काही केल्या जमत नव्हता. नागोयात अकासाकी आणि अमानो, आणि निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी गॅलियम नायट्राइडच्या मागे लागून तो जमवला. १९९३ साली झगझगीत निळा एलईडी बाजारात आला, २०१४ साली तिघांना नोबेल. आज आपल्या घरात आहे तो 'पांढरा' एलईडी म्हणजे मुळात निळाच एलईडी, वर पिवळ्या फॉस्फरचा लेप. त्या निळ्याचं शिखर ४५० नॅनोमीटरच्या आसपास. म्हणजे जगाला पांढरा उजेड हवा म्हणून ज्या निळ्यावर अब्जावधी खर्च झाले, तोच प्रवाळाचं जेवण निघाला. योगायोग याला म्हणतात.

अमेरिकेत पीएफओ लाइटिंग या कंपनीने २००६च्या सुमाराला 'सोलारिस' नावाचा एलईडी दिवा आणला. महाग, पण काळाच्या पुढचा. २००७च्या मे महिन्यात ऑर्बिटल टेक्नॉलॉजीज या कंपनीला समुद्री टाकीवरच्या एलईडी प्रकाशयोजनेचं पेटंट मिळालं, मग दावा झाला, आणि पीएफओने काही वर्षांत गाशा गुंडाळला. सॉफ्टवेअर पेटंटवर तावातावाने बोलणाऱ्या माझ्या मित्रांना मी हे उदाहरण देतो. एलईडीची लाट त्यामुळे थांबली नाही, पण मंदावली नक्की.

लाट आली तेव्हा एक गंमतशीर अपघात घडला. मेटल हॅलाइडच्या सवयीने लोकांनी निळे एलईडी डोळ्याने पाहिले, "छे, अंधारच आहे" म्हणाले आणि नॉब १००वर नेला. प्रवाळ पांढरे पडले. उजेड *जास्त* झाला होता. जास्त फोटॉन आले की शैवालांचा कारखाना तापतो, विषारी ऑक्सिजन तयार होतो आणि प्रवाळ आपल्याच भाडेकरूंना हाकलून देतो. उपासमारीतही पांढरा, अपचनातही पांढरा!

मग आज दिवा घ्यायचा तर काय बघायचं? वॅट आणि केल्विन विसरा. मऊ प्रवाळ आणि जाड मांसल पॉलिपवाले दगडी प्रवाळ ५० ते १५० पारवर खूश असतात, अ‍ॅक्रोपोरासारख्यांना २०० ते ३५० लागतं. दिवसातून आठ-दहा तास. ३०० पार नऊ तास म्हणजे दिवसाचे साधारण दहा मोल फोटॉन. उष्ण कटिबंधात स्वच्छ दिवशी समुद्राच्या पृष्ठभागावर पडतात साधारण ४०. हे काही मीटर खोलीवरचं आयुष्य झालं, आणि ते पुरतं. मीटर विकत घ्यायची गरज नाही, कुणाचा तरी एका रविवारपुरता मागून आणा, पण मोजा. नवा दिवा निम्म्यावर सुरू करून तीन-चार आठवड्यांत वर न्या. एका ठिपक्यातून येणाऱ्या एलईडीची सावली गडद पडते, फांद्यांच्या खालचा भाग मरतो, म्हणून बरेच जाणकार एलईडीच्या दोन्ही बाजूंना टी-५ ट्यूब लावतात. मला तो जुगाड पटतो. आणि गडद निळ्या उजेडात रंग चमकतात त्यावर भाळू नका. कातालाने पाहिलेली ती चमक दुकानात माल खपवते. वाढीशी तिचा संबंध थेट नाही.

विजेचंही बघा. ४०० वॅटचे तीन हॅलाइड दहा तास म्हणजे रोज १२ युनिट, महिन्याला ३६०, शिवाय पाणी तापतं म्हणून चिलर. पुण्याच्या एप्रिलमध्ये तर बोलायलाच नको. इथे एलईडीने खरोखर उपकार केलेत.

भारतात राहणाऱ्यांसाठी मात्र दिव्याच्या आधीचा प्रश्न आहे. दगडी प्रवाळांच्या सगळ्या जाती २००१पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. मालवणला बुडी मारून दिसलेला तुकडा खिशात घालणं हा गुन्हा आहे, आणि "कुणीतरी आणून देतो" हाही. तेव्हा दुकानदार काहीही म्हणो, कागद मागा. कागद नसेल तर मासे पाळा, त्यांना साधी ट्यूबही पुरते.

या सगळ्याला निव्वळ श्रीमंतांचा छंद म्हणणारे भेटतात. मी पूर्वी त्यांच्याशी वाद घालत नसे, आता घालतो. लंडनच्या हॉर्निमन म्युझियममध्ये जेमी क्रॅग्ज आणि मंडळींनी २०१३ साली बंद टाकीत अ‍ॅक्रोपोराची वीण घडवून आणली. सविस्तर निबंध २०१७मध्ये छापला. प्रवाळ वर्षातून मोजक्या रात्री, चंद्राच्या हिशेबाने, एकाच वेळी बीजांडं सोडतात. त्यांनी ग्रेट बॅरियर रीफ आणि सिंगापूरचं वर्षभराचं तापमान, दिवसाची लांबी, ऋतूनुसार बदलणारं ऊन आणि चंद्रोदय-चंद्रास्त, सगळं संगणकाला शिकवलं आणि एलईडीकडून वठवून घेतलं. तेच तंत्र वापरून फ्लोरिडा अ‍ॅक्वेरियमने ऑगस्ट २०१९मध्ये अटलांटिकमधल्या स्तंभ-प्रवाळाची टाकीतली पहिली वीण मिळवली. फ्लोरिडाच्या समुद्रात हा प्रवाळ आता इतका विरळ झालाय की आपणहून त्याचं पुनरुत्पादन होण्याची आशा शास्त्रज्ञांनी सोडली आहे. २०२३च्या उन्हाळ्यात तिथलं पाणी इतकं तापलं की रोपवाटिकांमधले प्रवाळ उचलून जमिनीवरच्या टाक्यांत आणावे लागले, आणि २०२४च्या एप्रिलमध्ये जगातली चौथी सार्वत्रिक प्रवाळ-विरंजनाची घटना जाहीर झाली.

विणीच्या या टाक्या काळ्या पडद्यांआड असतात. आतला चंद्र म्हणजे एक मिणमिणता एलईडी, आणि बाहेरच्या खोलीतला दिवा आत झिरपला तर प्रवाळाची तिथी चुकते. म्हणून तिथे संध्याकाळनंतर कुणी ट्यूबलाइट लावत नाही. रात्री काम करायचं तर लाल टॉर्च.